आडोसा

ऑनलाइन वर्गात पाढे एका सुरात म्हणता येत नाहीत. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत ज्यांनी ज्यांनी ते करून पाहिलं, त्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं. प्रत्येक घरातून निघालेला आवाज आपापल्या वेळेनं पोचतो. एकाचं ‘बे त्रिक सहा’ कानावर पडतं तेव्हा दुसऱ्याचं ‘बे पंचे दहा’ होऊन गेलेलं असतं. त्यात ही यंत्रणा एका वेळी एकाचंच बोलणं स्वच्छ पोचावं अशा बेतानं बांधलेली. बाकीच्यांचा आवाज ती गोंगाट समजून दाबते. उरतो तो नुसता कल्ला. मग बाई सगळ्यांना म्यूट करतात आणि प्रत्येक मूल आपल्या घरात एकटंच पाढा म्हणतं.

शाळा सुटण्याआधी पाढ्यांचा जो गजर होतो त्याला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्या गजरात नेहमीच एक मोठी सोय दिसत आली. सातच्या पाढ्यात अडखळणारं मूल ‘सात सक्कं’पाशी आवाज खाली आणतं, शेजारच्याचं ‘बेचाळीस’ कानानं टिपतं आणि ‘सात सत्ते एकोणपन्नास’ला पुन्हा खणखणीत आवाजात सामील होतं. ते कुठं चुकलं हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात ते चुकतही नाही. समूहाच्या आवाजाचा त्याला आडोसा मिळतो, आणि त्या आडोशाला बसून ते स्वतःला दुरुस्त करून घेतं. वर्गात असे आडोसे पुष्कळ असतात. मागचा बाक असतो, शेजारणीची वही असते, कुजबुज असते, सगळ्यांबरोबर वर केलेला पण पुरता न ताणलेला हात असतो. वर्षानुवर्षं मुलं त्यांच्या आधारानं शिकत आली आणि शिक्षक त्यांच्याकडे समजून उमजून कानाडोळा करत आले.

पडद्यावर हे सगळं नाहीसं होतं. तिथं दोनच अवस्था: एक तर म्यूट, नाही तर सर्वांसमोर एकटं. वर्गात दबकत दिलेलं उत्तर दोन बाकांपर्यंत पोचून विरून जातं. इथं तेच उत्तर प्रत्येकाच्या कानाशी जातं, शिवाय प्रत्येक घरात शेजारी बसलेल्या आईच्या, आजोबांच्या आणि मोठ्या भावाच्याही. अशा ठिकाणी मूल गप्प बसलं तर आपण म्हणतो, मुलांना रस नाही, मुलं लक्ष देत नाहीत. काही नसतीलही देत. पण मला खात्रीनं वाटतं की त्या शांततेतला मोठा भाग कंटाळ्याचा नसतो, उघड्यावर पडल्याचा असतो. ऑनलाइन वर्गात मुलांना धरून ठेवायचं म्हणजे काय, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: हरवलेला आडोसा पुन्हा उभा करायचा.

आधी कॅमेऱ्याबद्दल. ‘कॅमेरा सुरू करा, नाहीतर गैरहजेरी लागेल’ हे वाक्य त्या दोन वर्षांत फार घुमलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अध्यापकांनी आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही कॅमेरा बंद का ठेवता. त्यावरचा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपण कसे दिसतो याची काळजी, मागं घरातली माणसं आणि घर दिसेल याचा संकोच, कमजोर इंटरनेट अशी कारणं त्यांत वर होती. ही कॉर्नेलची मुलं. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत रात्रपाळीहून आलेले वडील भिंतीकडे तोंड करून झोपलेले असतात, आई पोळ्या लाटत असते आणि धाकटं भावंड मधूनच पडद्यात डोकावतं. ते सगळं वर्गाला दाखव, असं सांगायचा अधिकार मला नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ बैठकांचा शीण का येतो याची कारणं मांडली. सतत जवळून रोखलेल्या नजरा आणि सतत समोर दिसणारं स्वतःचंच तोंड ही त्यांतली दोन. तासभर आरशासमोर बसून माणूस गणित सोडवू शकेल का? मोठ्या माणसालाही जमायचं नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तर नाहीच नाही. म्हणून मी मुलांना पहिल्या दिवशी स्वतःचा चौकोन आपल्यापुरता लपवायला शिकवते. कॅमेरा ज्याला हवा त्यानं सुरू ठेवावा.

मग मुलांनी पाहायचं काय? बाईंचं तोंड तर नक्कीच नाही. २०२० च्या जूनमध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेचं छायाचित्र देशभर फिरलं. फोन धरायला तिवई नव्हती, म्हणून त्यांनी कपड्यांचा हँगर चिंध्यांनी बांधून टांगला होता आणि त्यात फोन अडकवून फळ्याकडे रोखला होता. लोकांनी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते रास्तच होतं. मला त्यातली शिक्षकी दृष्टी अधिक भावली. मुलांना खडू चालताना दिसला पाहिजे, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. एडएक्स या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: तयार स्लाइडपेक्षा हातानं लिहीत, काढत समजावलेलं लोक जास्त वेळ पाहतात, आणि सहा मिनिटांच्या आतले तुकडे सर्वांत जास्त टिकून पाहिले जातात. तयार पान पडद्यावर एकदम येतं तेव्हा मुलाच्या मनाला करायला काही उरत नाही. लिहिणारा हात दिसतो तेव्हा पुढचं अक्षर काय येणार याचा अंदाज ते आपोआप बांधू लागतं. मी डब्यांच्या उतरंडीवर फोन पालथा ठेवून खाली वही घेते. ‘परीक्षा’ लिहिताना ‘पर’पाशी पेन थांबवते, वेलांटी कुठल्या बाजूला वळणार ते सांगत नाही. एरवी शब्द न काढणारी मुलं तिथं म्यूट काढून ओरडतात, “बाई, दीर्घ! दीर्घ!”

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडली ती पाटी. आपल्या शाळांत श्रुतलेखनाची किंवा तोंडी हिशेबाची जुनी रीत होती. उत्तर लिहायचं, पाटी पालथी घालायची, आणि गुरुजींनी ‘पाट्या वर’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. ही रीत नक्कल टाळण्यासाठी आहे असं समजलं जाई. तिचं दुसरं काम जास्त मोलाचं होतं: कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, आणि एकट्याचं उत्तर असं काही नाही. ऑनलाइन वर्गात ती जशीच्या तशी चालते. पाटी नसेल तर वहीचा मागचा कागद आणि स्केचपेन. कॅमेरा नसेल तर चॅटमध्ये उत्तर लिहायचं, पण सांगेपर्यंत पाठवायचं नाही. मी ‘पाठवा’ म्हटलं की उत्तरांची सर कोसळते. मी त्यांतली नावं वाचत नाही, उत्तरंच वाचते.

एकदा ‘नीलकंठ’चा समास विचारला होता. निम्म्या वर्गाचं ‘कर्मधारय’ आलं, निम्म्याचं ‘बहुव्रीही’. अमुक बरोबर, तमुक चूक असं लगेच सांगितलं असतं तर तास तिथंच संपला असता. मी दोन्ही उत्तरं वहीवर शेजारी शेजारी लिहिली आणि म्हटलं, आता विग्रह करा. ‘नील असा कंठ’ केला तर कर्मधारय, ‘नील आहे कंठ ज्याचा तो, म्हणजे शंकर’ केला तर बहुव्रीही. कोणता घ्यायचा हे वाक्यावर ठरणार. मग मुलांनी दोन्ही प्रकारची वाक्यं रचली. आपलं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं, हे निम्म्या वर्गाला एकाच वेळी कळलं, आणि कुणालाही पुढं होऊन ते कबूल करावं लागलं नाही. मला मोकळी चर्चा आवडते, पण मुलांच्या हातात आधी काहीतरी लिहिलेलं असावं. लिहून झालेलं उत्तर त्यांना बोलायचं बळ देतं.

त्यानंतर प्रश्न उरतो थांबण्याचा, आणि इथं शिक्षकाची खरी कसोटी लागते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, किंवा प्रश्न दुसऱ्याकडे वळवतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. हे झालं प्रत्यक्ष वर्गातलं. साध्या बोलण्यात माणसं एकमेकांना इतक्या झटकन उत्तर देतात की मधली फट सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. दहा भाषांची तुलना करून टान्या स्टीव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे मांडलं. ऑनलाइन आवाजाला जायला-यायलाच कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. त्यावर मुलाला आईला खुणेनं मिक्सर बंद करायला सांगायचं असतं, म्यूटचं चिन्ह शोधायचं असतं, घसा खाकरायचा असतो. आपल्या कानाला ती फट नकारासारखी वाटते आणि आपण बोलून ती बुजवून टाकतो. मूल ओठांपर्यंत आलेलं उत्तर गिळतं. मी हल्ली प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजते. पहिल्या काही दिवसांत ते दहा अंक संपता संपत नाहीत. नंतर मुलांना सवय होते की बाई थांबणार आहेत, आणि ती सवय लागली की वर्गाची चालच बदलते.

‘कळलं का?’ हा प्रश्न मात्र मी कायमचा सोडून दिला. त्याला ‘हो बाई’ याशिवाय उत्तर नाही. त्याऐवजी मधेमधे छोटं काम द्यावं. सझपुनार, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ साली ऑनलाइन व्याख्यानाचे भाग पाडून प्रत्येक भागानंतर लहानशी चाचणी घेतली. चाचणी देणाऱ्यांचं मन कमी भरकटलं आणि त्यांना आठवलंही जास्त. कुठल्याही जुन्या मास्तरांना यात नवल वाटलं नसतं.

आडोशाचा विचार करताना मला कोसबाडची आठवण येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, त्यात कुरणशाळा हा प्रयोग होता. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरं चरत राहिली आणि शिकवणं त्यांच्या आसपास, हाताशी असलेल्या वस्तूंनी, पानाफुलांनी आणि खड्यांनी होत राहिलं. मूल जिथं आहे तिथं शिक्षकानं जायचं, आणि तिथं जे आहे त्यातून शिकवायचं. त्याच पालघर जिल्ह्यात २०२० मध्ये ज्या पाड्यांवर फोन आणि इंटरनेट पोचत नव्हतं, तिथं ध्वनिक्षेपक घेऊन ‘बोलकी शाळा’ गेली. कोसबाडच्या विचाराचाच हा वारसा आहे असं मी मानते.

ऑनलाइन तासाला आपण मुलांच्या घरी गेलेलो असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. आपण तिथं शाळा मांडू पाहतो, आणि घर अडचणीचं ठरतं. घरालाच पाठ्यपुस्तक करता येतं. मी मुलांना सांगते, स्वयंपाकघरातून एक वस्तू घेऊन या, पण दाखवू नका. नाव न घेता तिचं वर्णन करा, बाकीच्यांनी ओळखायचं. मग ओगराळं येतं, झारा येतो, पुरणयंत्र, रवी, सांडशी, तेलाची बुधली येते. एकीनं उलथन्याचं वर्णन केलं आणि दुसऱ्या गावच्या मुलानं तेच कालथा म्हणून ओळखलं. दोघंही आपलाच शब्द खरा म्हणून इतका वेळ भांडले की तास लांबला, आणि दोन्ही घरच्या आज्या त्यात उतरल्या. वर्गाच्या चार भिंतींत हे मला कधीच करता आलं नसतं. तिथं आज्या नव्हत्या, आणि रवीही नव्हती.

मात्र इथंही जपून चालावं लागतं. ‘तुमची अभ्यासाची जागा दाखवा’, ‘आवडतं खेळणं आणा’ अशी कामं वरवर गोड असतात, पण ती घराची ऐपत उघडी पाडतात. स्वयंपाकघरात झारा सगळ्यांकडे असतो. आणि वर्णन आवाजातून होत असल्यानं तो पितळी आहे की वाकलेल्या दांड्याचा, हे कुणाला दिसत नाही.

ज्यांच्या घरी फोनच एक, आणि तोही सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्यांचं काय? सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या पशुवैद्यक शिकणाऱ्या एका मुलीनं नेटवर्क मिळावं म्हणून भर पावसाळ्यात डोंगरावर आडोसा बांधून अभ्यास केला, ही बातमी २०२० साली सर्वांनी वाचली. तिच्या चिकाटीला मी मनापासून नमस्कार करते. पण जी व्यवस्था शिकायला डोंगर चढायला लावते ती तशीच राहू द्यावी असं कुणी म्हणू नये. म्हणून सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’सारख्या मालिकेचं मला अप्रूप वाटलं. दूरदर्शनला इंटरनेट लागत नाही, आणि त्या मालिकेत मुलं आणि घरातली मोठी माणसं मिळून काहीतरी करत असत.

माझा स्वतःचा मार्ग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाजी निरोपाचा. फोन रात्री घरी आला की मुलानं धड्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून मला पाठवायचा. गटावर नाही, मला एकटीला. वर्गात ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता अशी मुलं या वाटेनं माझ्यापर्यंत आली. कारण उघड आहे. निरोप पाठवण्याआधी पुसता येतो, पुन्हा वाचता येतो. एका मुलाच्या आईनं सांगितलं की एक परिच्छेद पाठवायला पोरगं जेवणवेळेपासून झोपेपर्यंत वाचत बसलं होतं. इतकं प्रकट वाचन माझ्या तासाला त्यानं वर्षात केलं नसतं. उत्तर मात्र शिक्षकानं आवाजातच द्यावं, आणि त्यात एक तरी नेमकी गोष्ट असावी. ‘छान’ किंवा अंगठ्याचं चित्र पुरत नाही. ‘स्वल्पविरामाला थांबलास, म्हणून ते वाक्य मला कळलं’ असं ऐकलं की मुलाला कळतं, आपलं खरंच कुणीतरी ऐकलं.

परदेशातल्या मराठी मुलांना शिकवायला लागल्यावर मला वाटलं होतं, मुलांच्या गप्प बसण्याचा प्रश्न आता मागं पडला. कॅलिफोर्नियात शनिवारी सकाळचे आठ वाजलेले असतात आणि इथं रात्रीचे साडेआठ. मुलांकडे स्वतंत्र खोली, चांगला संगणक, वेगवान इंटरनेट, सगळं असतं. तरीही तीच शांतता. त्यांचा संकोच उच्चारांचा आहे. ‘ळ’ जमत नाही, ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चार’मधला ‘च’ यांत गोंधळ होतो, आणि सुट्टीत पुण्याला आल्यावर भावंडं हसलेली असतात. त्यांना मी सातारा भागातल्या मुलांबरोबर दोघादोघांच्या छोट्या ऑनलाइन खोल्यांत पाठवायला सुरुवात केली. तिकडच्यानं मराठी वाचायचं, इकडच्यानं इंग्रजी; दोघांनी एकमेकांचे उच्चार सुधारायचे. दोघंही कुठंतरी अडखळणारे, त्यामुळे हसायचं कुणी कुणाला? मी त्या खोल्यांत डोकावणं हळूहळू कमी केलं. मी आल्याबरोबर बोलणं थांबतं, हे दिसत होतं.

नव्या शिक्षकांना मी आणखी एक गोष्ट करायला सांगते: वर्गाचं दार वेळेआधी दहा मिनिटं उघडा आणि तास संपल्यावर लगेच लावू नका. शाळेत व्हरांडा असतो, पाण्याची टाकी असते, सायकलींचा तळ असतो. शिक्षक आणि मुलं तिथंच एकमेकांना ओळखू लागतात. ऑनलाइन तास घंटेनं सुरू होऊन बटणानं संपला तर या ओळखीला जागाच राहत नाही. त्या दहा मिनिटांत मी विषय काढत नाही. मुलंच येतात आणि बोलतात. कुणाच्या अंगणात साप निघालेला असतो, कुणाचा दात पडलेला असतो. परवा एक मुलगा तासाआधी धापा टाकत आला आणि म्हणाला, “बाई, आमची शेळी व्याली, तीन करडं झाली, पण दूध दोघांनाच पुरतंय, तिसऱ्याला बाटलीनं पाजायला लागतं.” त्या दिवशी पत्रलेखन शिकवायचं होतं. पाठ्यपुस्तकातला विषय बाजूला ठेवला आणि सगळ्या वर्गानं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं: करडाला दूध किती वेळानं द्यावं, गाईचं चालेल का, किती कोमट असावं. कॅलिफोर्नियाच्या मुलीला ‘करडू’ शब्द नवा होता, तिला तो त्या मुलानंच समजावला. पत्रातला मायना काय असावा यावर चॅटमध्ये जोरात वाद सुरू झाला, आणि तो मुलगा मधेच म्हणाला, “थांबा जरा, दूध पाजायची वेळ झाली, मी फोन गोठ्यात घेऊन जातो.”